वडील कोणाला म्हणावे?

मराठी ख्रिस्ती मंडळींच्या व्यवहारात 'वडील' हे एका पदाचे नाव आहे. दीक्षित पाळक नसलेला, त्या कामाचा पगार न घेणारा, आपला नोकरीधंदा आणि संसार सांभाळून मंडळीचा कारभार पाहणारा माणूस म्हणजे वडील. सर्वच पंथांत हा शब्द रूढ आहे असे नाही. काही ठिकाणी असा माणूस पास्टोरेट कमिटीचा सभासद असतो, कॅथलिक परंपरेत तो पॅरिश कौन्सिलवर असतो. धर्मगुरू नसलेल्या या साऱ्या वर्गाला तिथे 'प्रापंचिक' असा अर्थपूर्ण मराठी शब्द योजला जातो. नावे वेगळी असली तरी प्रश्न एकच आहे: हा माणूस सुज्ञ असावा असे सगळेच म्हणतात, परंतु सुज्ञ माणूस ओळखायचा कसा?

साहित्याच्या अभ्यासकाने या प्रश्नात पडण्याचे कारण काय, असे कोणी विचारील. कारणे दोन आहेत. पहिले असे की, ज्या ग्रंथाच्या आधारे हा प्रश्न सोडवला जातो त्या ग्रंथात नियमावलीपेक्षा कथाच अधिक आहेत, आणि त्या आपल्यापर्यंत भाषांतरातून आल्या आहेत. म्हणजे प्रश्न बराचसा वाचनाचा आहे. दुसरे कारण आपल्या घरचे आहे. बाबा पदमनजींपासून लक्ष्मीबाई टिळकांपर्यंतचे लेखन आपण वर्गात शिकवतो, पण ज्या 'मंडळी'त हे लेखन घडले तिचा कारभार कोण आणि कसा चालवीत होते याकडे सहसा पाहत नाही. शिवाय नेता निवडताना मंडळी ज्या चुका करते त्याच आपल्या शिक्षणसंस्था आणि साहित्यसंस्थाही करीत असतात. तेव्हा हा विषय अगदीच परका मानण्याचे कारण नाही.

माझे म्हणणे थोडक्यात असे आहे: या परंपरेच्या मूळ कथांमध्ये शहाणपणाची कसोटी विद्वत्ता, वय किंवा वजन ही नाही. ज्याचा आवाज सहसा पोहोचत नाही त्याची तक्रार ऐकून घेण्याची क्षमता ही ती कसोटी आहे. आणि आपण निवडणुकीच्या वेळी नेमकी हीच कसोटी बाजूला ठेवतो.

'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायातील प्रसंग पाहावा. यरुशलेमची मंडळी वाढते आहे. तिच्यात दोन भाषिक गट आहेत: स्थानिक भाषा बोलणारे यहूदी आणि ग्रीक बोलणारे यहूदी. रोजच्या अन्नवाटपात आमच्या विधवांकडे दुर्लक्ष होते, अशी कुरकुर ग्रीक भाषिकांकडून सुरू होते. तक्रार मोठ्या सिद्धांताची नाही, ताटाची आहे. तीही विधवांच्या, म्हणजे त्या समाजरचनेत सर्वांत निराधार असलेल्या स्त्रियांच्या ताटाची. बारा प्रेषित सर्व शिष्यांना एकत्र बोलावतात, सात माणसे तुम्हीच निवडा असे सांगतात आणि त्यांच्याकडे हे काम सोपवतात.

येथे कथाकाराने सातही जणांची नावे दिली आहेत. ती वाचताना आपण घाईने पुढे जातो. स्तेफन, फिलिप्प, निकानोर, तीमोन, पार्मिना, निकलाव... सातच्या सात नावे ग्रीक आहेत. त्या काळी स्थानिक यहुद्यांतही ग्रीक नावे आढळत, म्हणून केवळ नावावरून माणसाचा गट ठरवणे धोक्याचे आहे, हे मान्य. परंतु सातांमध्ये एकही स्थानिक वळणाचे नाव नसावे, आणि शेवटचा निकलाव तर अंत्युखियाचा, जन्माने यहूदीही नसलेला, असे आवर्जून सांगितले जावे, हा योगायोग वाटत नाही. बहुसंख्याकांनी अन्नाची कोठी तक्रार करणाऱ्या गटाच्या हाती दिली, असाच या यादीचा सरळ अर्थ लागतो. चौकशी समिती नेमून, तिच्यात दोन्ही बाजूंचे निम्मे-निम्मे सभासद घेऊन प्रश्न लांबवता आला असता. तसे झाले नाही. ज्याला दुखते आहे त्याला दुखण्याची जागा ठाऊक असते, एवढे व्यवहारज्ञान त्या मंडळीकडे होते.

आता भाषांतराचा मुद्दा. हे सात जण कसे असावेत हे सांगताना मराठी बायबलच्या प्रचलित भाषांतरात 'प्रतिष्ठित' हा शब्द आला आहे. मूळ ग्रीक शब्दाचा धात्वर्थ 'साक्ष देणे' असा आहे. ज्यांच्याविषयी इतर लोक चांगली साक्ष देतात अशी माणसे, असा त्याचा आशय. भाषांतरकारांना दोष देण्याचे कारण नाही. 'प्रतिष्ठा' या शब्दात लोकमान्यतेचा अर्थ आहेच. परंतु शब्द एका जागी थांबत नाहीत. आज 'गावातील प्रतिष्ठित मंडळी' म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे व्यासपीठावरच्या खुर्च्या येतात: निवृत्त अधिकारी, डॉक्टर, बांधकाम व्यावसायिक, संस्थाचालक. साक्ष देणारा शेजारी त्या चित्रातून नाहीसा होतो. प्रतिष्ठित माणूस दुरून दिसतो, तर साक्ष जवळून द्यावी लागते. मंडळी जेव्हा 'प्रतिष्ठित' शोधायला निघते तेव्हा ती कोणता अर्थ मनात धरून निघते, यावर पुष्कळ काही अवलंबून आहे.

'वडील' या शब्दाचेही असेच. मूळ ग्रीक शब्दातही वयाचा अर्थ आहे, त्यामुळे भाषांतर चोख आहे. पण मराठीत वडील म्हणजे बापही. त्यामुळे पदाभोवती घराची सारी उतरंड आपोआप उभी राहते. वडिलांना प्रश्न विचारायचा नसतो, त्यांच्याकडे हिशेब मागायचा नसतो, आणि वडील पुरुषच असतात. निवडणूक होण्याच्या आधीच शब्दाने निम्मे मतदान करून टाकलेले असते.

वय आणि शहाणपण यांचे नाते ग्रंथकर्त्यांनी मात्र इतके सोपे मानलेले नाही. 'पहिले राजे' या पुस्तकात रहबाम राजा वृद्धांचा सल्ला झुगारून आपल्या बरोबरीच्या तरुणांचे ऐकतो आणि राज्य दुभंगते. ही कथा वडीलधाऱ्यांच्या बाजूने सांगितली जाते. पण वृद्धांनी दिलेला सल्ला काय होता? लोक कामाच्या ओझ्याची तक्रार घेऊन आले आहेत, त्यांचे ऐक, त्यांचा सेवक हो, हा. म्हणजे वृद्ध बरोबर ठरले ते तक्रारीची बाजू घेतल्यामुळे. उलट कॅथलिक बायबलमध्ये दानीएलच्या पुस्तकात असलेली सुसान्नाची कथा पाहा. तिथे दोन वडील न्यायाधीश आहेत. ते सुसान्नावर खोटा आळ घेतात, आणि ते वडील आहेत एवढ्याच कारणाने सभेला त्यांचे म्हणणे पटते. तिला मृत्युदंड ठरतो. शेवटी कोवळ्या वयाचा दानीएल दोघांना वेगवेगळे करून प्रश्न विचारतो आणि त्यांचे बिंग फुटते. दोन्ही कथा शेजारी ठेवून वाचल्या की वयाचा मुद्दा गौण ठरतो. कोण ऐकतो आणि कोण ऐकल्याशिवाय निवाडा करतो, हा मुद्दा उरतो.

याच संदर्भात शलमोनाच्या प्रार्थनेतील एका शब्दप्रयोगाकडे लक्ष वेधावेसे वाटते. राज्यावर बसल्यावर तो शहाणपण मागतो असे आपण म्हणतो. मूळ हिब्रूत त्याने जे मागितले त्याचा शब्दशः अर्थ 'ऐकणारे हृदय' असा होतो. न्याय करण्यासाठी त्याला ते हवे आहे. आणि लगेच पुढे येणारी कथा दोन स्त्रियांच्या भांडणाची आहे. त्या वेश्या आहेत, त्यांच्या बाजूने साक्षीदार नाही, प्रतिष्ठा तर नाहीच. राजा दोघींचे पुरते ऐकून घेतो. शहाणपणाची पहिली परीक्षा कथाकाराने कुठे घेतली, हे पाहण्याजोगे आहे.

निवड कोणी करावी, या प्रश्नावर जुन्या करारात एक मजेदार पाठभेद आहे. 'निर्गम' या पुस्तकात मोशे सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटाच लोकांचे तंटे सोडवीत बसतो. त्याचा सासरा इथ्रो, जो मिद्यानी याजक म्हणजे बाहेरचा माणूस, त्याला सांगतो की अशाने तूही थकशील आणि लोकही थकतील. हजारांवर, शंभरांवर, पन्नासांवर आणि दहांवर माणसे नेम. ती देवभीरू, सत्यनिष्ठ आणि लाचेचा तिटकारा असलेली असावीत. येथे निवड मोशे करतो. हीच हकिकत 'अनुवाद' या पुस्तकात मोशे स्वतः पुन्हा सांगतो तेव्हा इथ्रोचा उल्लेख गळतो, आणि मोशे लोकांना म्हणतो की तुमच्या वंशांतून सुज्ञ, समंजस, माहितीतली माणसे तुम्ही द्या, मी त्यांना नेमतो. एका कथनात गुण नैतिक आहेत आणि निवड वरून आहे. दुसऱ्यात गुण बौद्धिक आहेत आणि नावे खालून येतात. परंपरेने दोन्ही जपली, एकाला पुसून टाकले नाही. मला यातला सर्वांत मोलाचा आकडा दहा वाटतो. हजारांवरचा नायक सर्वांना माहीत असतो. दहांवरचा नायक मात्र त्या दहा घरांत कोण आजारी आहे, कोणाच्या घरी चूल पेटलेली नाही, हे जाणतो. मंडळीतल्या वडिलांची जागा खरे तर दहांवरच्या नायकाची आहे. आपण हजारांवरचा नायक शोधत बसतो.

युरोपातील धर्मसुधारणेच्या काळात हा प्रश्न पुन्हा ऐरणीवर आला. जिनिव्हात १५४१ मध्ये कॅल्विनच्या पुढाकाराने झालेल्या नियमांनुसार बारा वडील नेमायचे होते: दोन लहान परिषदेतून, चार साठांच्या परिषदेतून आणि सहा दोनशेंच्या परिषदेतून. म्हणजे धर्मगुरूंबरोबर बसणारे हे प्रापंचिक नगराच्या सत्ताधारी मंडळांतूनच यावेत अशी तरतूद झाली. धर्मगुरूंच्या एकाधिकाराला आळा बसला, पण 'साक्ष दिलेला' माणूस आणि 'प्रतिष्ठित' माणूस यांतले अंतर तिथेच बुजले. स्कॉटलंडमध्ये १५६० साली तयार झालेल्या पहिल्या शिस्तग्रंथात वेगळा विचार दिसतो. तिथे वडिलांची निवड दरवर्षी व्हावी असे सुचवले आहे, आणि त्याचे कारणही स्पष्ट दिले आहे: माणूस पदावर फार काळ राहिला तर तो मंडळीच्या स्वातंत्र्यावर हक्क सांगू लागतो. १५७८ च्या दुसऱ्या शिस्तग्रंथाने मात्र हे पद आजन्म केले. अठरा वर्षांत वार्षिक जबाबदारीचे आजीव पद झाले. कोणत्याही संस्थेचा इतिहास जाणणाऱ्याला या प्रवासाचे आश्चर्य वाटणार नाही.

महाराष्ट्राकडे वळताना एक वेगळी अडचण ध्यानात घ्यावी लागते. मिशनच्या काळात अहमदनगरसारख्या भागांतील खेड्यांत बहुधा मिशनच्या शाळेचा मास्तरच उपासना चालवी, तोच मंडळीचा पुढारी असे आणि त्याचा पगार मिशनकडून येई. अशा माणसाने मिशनऱ्यापुढे मंडळीची तक्रार मांडायची म्हणजे आपल्या भाकरीवर पाणी सोडण्याची तयारी ठेवायची. त्यातले अनेक जण सचोटीचे होते, यात शंका नाही. पण व्यवस्थाच अशी होती की ऐकण्याचे कान वरच्या दिशेने वळलेले राहत. नारायण वामन टिळकांनी १९१७ मध्ये मिशनच्या नोकरीतून मुक्त होऊन 'देवाचा दरबार' स्थापन केला, त्याचा अर्थ या पार्श्वभूमीवर लावला पाहिजे. तो कवीचा लहरीपणा नव्हता. पगाराने बांधलेल्या पुढारीपणातून मंडळी मोकळी करण्याचा तो प्रयत्न होता. १९१९ मध्ये टिळकांचे निधन झाले, प्रयोगाला पुरेसा अवधी मिळाला नाही, तरी प्रश्न त्यांनी अचूक मांडला होता.

पुढे मिशनरी गेले आणि जमिनी, शाळा, दवाखाने, वसतिगृहे मागे राहिली. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात सहा मंडळ्यांच्या एकत्रीकरणातून चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली. सभासदांच्या सभेला सर्वोच्च मानणारी काँग्रिगेशनल परंपरा, वडिलांच्या सभांवर उभी असलेली प्रेस्बिटेरियन परंपरा आणि बिशपला केंद्रस्थानी ठेवणारी अँग्लिकन परंपरा एका छपराखाली आल्या. हे ऐक्य मोठेच होते. परंतु प्रापंचिक नेत्याच्या हाती आता मालमत्तेचाही कारभार आला, आणि मालमत्ता आली की उमेदवारांची जात बदलते. सार्वजनिक न्यास म्हणून नोंदलेल्या कोणत्याही संस्थेत विश्वस्त बदलले की १९५० च्या कायद्यानुसार नव्वद दिवसांत धर्मादाय कार्यालयाकडे बदल अर्ज द्यावा लागतो. तो वादात अडकला की वर्षे जातात आणि दरम्यान कारभारी कोण हेच ठरत नाही. हे दुखणे ख्रिस्ती संस्थांपुरते नाही. देवस्थाने, शिक्षणसंस्था, ग्रंथालये साऱ्यांनाच ते जडले आहे. अशा वेळी मतदारांना कायदा जाणणारा, कचेऱ्यांत वावरलेला, 'वजन' असलेला माणूस हवासा वाटतो. गरज खोटी नाही. पण वकील नेमता येतो, हिशेबनीस नेमता येतो. ऐकणारा माणूस पगारावर मिळत नाही, तो निवडावाच लागतो.

कॅथलिक व्यवस्थेत स्थिती निराळी आहे. १९८३ च्या धर्मविधिसंहितेनुसार पॅरिश कौन्सिलचा अधिकार सल्ल्यापुरता आहे, निर्णय धर्मगुरूचा. यावर टीका होते आणि तिच्यात तथ्यही आहे. तरी एक गोष्ट राहतेच: ज्याच्या हाती निर्णय नाही त्याच्याजवळ सांगण्याचे धैर्य असले तरच त्याच्या पदाला अर्थ आहे. सल्लागार गप्प बसला की कौन्सिल म्हणजे सह्यांचे पुस्तक होते.

स्त्रियांचा प्रश्न मी मुद्दाम वेगळा काढत नाही, तो या कसोटीतूनच येतो. रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या शेवटी किंख्रियाच्या मंडळीतील फिबीचा उल्लेख आहे. तिच्यासाठी योजलेला ग्रीक शब्द पुरुष पदाधिकाऱ्यांसाठी योजलेलाच आहे. मराठीत तीमथ्याच्या पत्रातले 'सेवक' पदाधिकारी वाटतात, फिबी मात्र 'सेविका' होते, आणि सेविका म्हटल्यावर आपल्याला पद दिसत नाही, राबणे दिसते. लक्ष्मीबाईंच्या 'स्मृतिचित्रे'त मंडळीचे जग मुख्यतः स्वयंपाकघराच्या आणि ओसरीच्या बाजूने दिसते. येणाऱ्याजाणाऱ्याच्या पोटापाण्याची, रुसव्याफुगव्याची जितकी बातमी त्या बाजूला असते तितकी सभेच्या इतिवृत्तात नसते. अन्नवाटपातली तक्रार आधी कोणाच्या कानी जाते, असे विचारले तर उत्तर उघड आहे. मग तो कान निर्णयाच्या टेबलाशी का नसावा?

यावर दोन आक्षेप संभवतात. एक असा की, मंडळी ही लोकशाही संस्था नव्हे. निवड देवाने करायची असते, म्हणून तर मत्थियाची निवड चिठ्ठ्या टाकून झाली. खरे आहे. परंतु तिथेही आधी लोकांनी दोन नावे पुढे केली, आणि ती आरंभापासून बरोबर वावरलेल्या माणसांची होती. चिठ्ठी पारखीच्या जागी आलेली नाही, पारखीनंतर आली आहे. दुसरा आक्षेप असा की, तक्रार ऐकणाराच नेता मानला तर कुरकुऱ्यांचे राज्य येईल. त्यापेक्षा निवड बिनविरोध व्हावी, शांतता राहते. 'बिनविरोध' हा आपल्या सार्वजनिक जीवनातला फार लाडका शब्द आहे. पुष्कळदा त्याचा अर्थ एवढाच असतो की विरोध करणारे त्या दिवशी घरी बसले. यरुशलेमच्या मंडळीत कुरकुर नव्हती असे नाही. तिने कुरकुरीतून सात माणसे घडवली, आणि त्यांतला स्तेफन पुढे प्राणास मुकला तो वाढपी म्हणून नव्हे, निर्भीड वक्ता म्हणून.

तेव्हा निवडणुकीपूर्वी मंडळीने उमेदवारांची यादी करण्याआधी तक्रारींची यादी करावी, असे मला सुचवावेसे वाटते. गेल्या वर्षात कोणाच्या घरी कोणी गेले नाही, कोणाच्या मुलाचे शुल्क राहिले, कोणाला सभेत बोलू दिले नाही, हे आधी लिहून काढावे. मग विचारावे की यांपैकी प्रत्येक जण आपले गाऱ्हाणे कोणाकडे घेऊन गेला. जे नाव पुन्हा पुन्हा येईल ते बहुधा व्यासपीठावरचे नसेल. तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात सेवकांची आधी पारख व्हावी असे सांगितले आहे, आणि अध्यक्षाला बाहेरच्यांचीही चांगली साक्ष हवी अशी अट आहे. बाहेरचा म्हणजे ज्याला मंडळीच्या राजकारणात रस नाही तो: दुकानदार, शेजारी, हाताखालचा शिपाई. ही अट आपण कधीतरी खरोखर पाळून पाहावी. मुदतीचाही नियम कडक असावा. स्कॉट लोकांनी १५६० मध्ये दिलेले कारण आजही जुने झालेले नाही.

या पारखीत मतदाराचीही परीक्षा होते. साक्ष देण्यासाठी आधी शेजाऱ्याला ओळखावे लागते, आणि ज्या मंडळीत, महाविद्यालयात किंवा साहित्यसंस्थेत माणसे एकमेकांना केवळ पदांवरून ओळखतात तिथे सुज्ञ नेता निवडण्याची सोयच उरत नाही. आपल्या मतदारयादीतली किती नावे आपल्याला घरापर्यंत माहीत आहेत, याचा हिशेब प्रत्येकाने मतपत्रिका हाती घेण्यापूर्वी स्वतःशी करावा.